अव्वाच्या चेहऱ्यातला पिवळा

डिसेंबरातला दुसरा सोमवार, सकाळी सव्वानऊ. ठिकाण: कमठाणा, गल्लीच्या टोकाचं घर, पुढचं अंगण.

हजर: जिचं चित्र काढायचं ती अव्वा, वय सत्तरीच्या पुढे, नक्की कुणालाच ठाऊक नाही. तिची धाकटी सून. मी.

गैरहजर: ऑर्डर देणारा मोठा मुलगा. धाकटा मुलगा शेतात, तुरीच्या कापणीवर.

ही नोंद माझ्या कामाच्या वहीतली, जशीच्या तशी. मी बीदरला राहते आणि माणसांची चित्रं काढते. कागदावर नाही, स्क्रीनवर, टॅब्लेटच्या पेननं. त्याआधी पंधरा वर्षं एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळवले. तिथं एक सवय लागली ती अजून आहे: काम सुरू करण्याआधी सगळं विचारून, लिहून घ्यायचं. चित्र कुणाचं, आकार केवढा, कुठल्या भिंतीवर लागणार, त्या भिंतीचा रंग कोणता, उजेड कुठून येतो, चित्र कशासाठी. हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी पडतो. साठीच्या समारंभाला माणूस हसरा लागतो, दुकानातल्या फोटोला भारदस्त.

मोठा मुलगा बीदरलाच असतो, बी-बियाण्यांचं दुकान आहे. आधीच्या शनिवारी तो माझ्याकडे आला, खुर्चीवर न बसता उभ्यानंच सगळी उत्तरं दिली. चित्र आईचं. अडीच फूट उंच. मांडी घालून बसलेली, कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर सरळ समोर. खाली दोन ओळी मावतील एवढी जागा रिकामी ठेवायची.

"दोन ओळींत काय येणार अण्णा? अक्षराचा अंदाज घ्यावा लागतो."

"ते मागून सांगतो."

"आणि कशासाठी काढायचं?"

तो माझ्या वहीकडे बघत राहिला. "ते लिहू नका अक्का. सध्या कुणाला कळू द्यायचं न्हाई. अव्वाला तर मुळीच न्हाई."

मी तो रकाना रिकामा ठेवला, पण त्याच क्षणी मनात पाल चुकचुकली. ही माणसं लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, फुलांनी सजवतात, आणि शेवटचा फोटो तसाच काढतात. अशा कितीतरी फोटोंवरून मी चित्रं केली आहेत. डोळे उघडून दिले आहेत, ओठांना रंग दिला आहे, आणि खाली दोन ओळी सोडल्या आहेत: एक जन्माची, एक जाण्याची. जिवंत बाईचं चित्र कुणी तसंच सांगितलं, तर शंका येणारच.

फोटो मी स्वतः काढते. लोकांच्या मोबाइलमधले चेहरे आधीच गुळगुळीत झालेले असतात, कातडीवरची रेघ न रेघ पुसलेली. म्हणून सोमवारी बसनं कमठाण्याला गेले.

अव्वा दारातच भेटली. काटक, पाठीत जराशी वाकलेली, चापूनचोपून नेसलेली. मी कॅमेरा काढल्याबरोबर तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"कामून काढायलीस फोटो?"

"चित्र काढायचंय अव्वा. थोरल्या अण्णांनी सांगितलंय."

"त्याला काय माझी ओळख विसरलीय? आठ दिसाला येतोय की."

सुनेनं ओट्यावर चटई टाकली होती. मागं पांढरं धोतर बांधलं होतं, पडदा म्हणून. तिला थोरल्या दिरानं फोनवर सगळं समजावलेलं दिसत होतं. अव्वा चटईकडे बघत उभी राहिली, मग धोतराकडे.

"इथं बसू?"

"व्हय अव्वा, मांडी घालून. पूजेला बसल्यासारखं."

"आन् बघू कुठं?"

"समोर, ह्यांच्याकडं," सून माझ्याकडे हात करून म्हणाली.

"पूजेला बसल्यावर मी लिंगाकडं बघती. हिच्याकडं कामून बघू? ही काय देव हाय व्हय?"

सून हसली, मीही हसले. अव्वा हसली नाही. "भिताडाला टेकवून, मागं धोतर लावून, समोर बघत बसवत्यात ते कुणाला, मला ठावं हाय. तुझ्या सासऱ्याला मीच बसवलंय. तवा विभूती बी मीच लावली."

सुनेचा चेहरा उतरला. "अव्वा, सकाळी सकाळी काय बोलायलाव!"

"तुमी करायलाव, मी बोलायले."

मी चटई उचलायला सांगितली. तसंही सांगून बसवलेलं माणूस चित्रात ताठ दिसतं. खांदे वर चढतात, मान लाकडी होते. माझी रीत अशी की माणसाला त्याचं रोजचं काम करू द्यायचं आणि आपण गप्प राहायचं. अव्वाला म्हटलं, तुम्ही आपलं काम करा. ती लगेच सुपात तुरी घेऊन निवडायला बसली, एक पाय दुमडून, एक गुडघा उभा, त्यावर डावं कोपर. मान जराशी कलती. तासाभरात चाळीस-एक फोटो झाले. त्यातले तीन कामाचे, वहीत त्यांच्यापुढे खूण.

रंगासाठी वेगळे फोटो लागतात. आमच्याकडची माती लाल. अंगणातला उजेड खालून उसळतो आणि हनुवटीखाली तांबूस पडतो, तो कातडीचा रंग समजला की चित्र फसतं. म्हणून मी चेहऱ्याशेजारी एक कोरा पांढरा कागद धरायला लावते. नंतर स्क्रीनवर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवायचा. कागद पांढरा झाला की चेहराही खरा झाला. सुनेनं कागद धरला. एक फोटो अंगणातल्या कडुलिंबाच्या सावलीत, एक दारात, एक ओट्यावर.

अव्वा मधूनमधून दंड खाजवत होती. "तुरीचा भुसा," सून म्हणाली. "कापणी लागली की सगळ्यांनाच. अव्वांना यंदा जरा जास्तच. आन् भाकर तर अर्धी बी संपंना झालीय, मॅडम. थंडी बाधलीय."

"मला थंडी बाधलीय ते हिला कळतंय," अव्वा सुपातून मान न उचलता म्हणाली. "मला न्हाई कळत."

चहा ठेवायला सून आत गेली. जाताना म्हणाली, "चित्र मोठं हाय म्हणं. मामांच्या शेजारी बसतंय का बघा, जागा हाय तिथं." दारातून आतली भिंत दिसत होती. सासऱ्यांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. शेजारी एक खिळा, मोकळा.

अव्वानं सूप बाजूला सरकवलं. आवाज खाली आणला. "बाई, तू शिकलेली दिसतीस. खरं सांग. थोरल्यानं तुला काय सांगितलंय?"

"चित्र काढा म्हणाले. बाकी काही नाही."

"मागच्या महिन्यात कलबुर्गीला नेलं हुतं मला. डोळे दाखवायला. डाक्टर माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई. मला बाकड्यावर बसवलं आन् ह्याला आत घेतलं. बाहेर आला तवापासून हा माझ्याशी गोडच बोलायलाय. पोरगं आईशी एवढं गोड कवा बोलतंय, सांग की."

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"तू रंग बघतीस न्हवं माणसाचा? बघ मग नीट. तुला काय दिसलं तर आदी मला सांगायचं. पोरांना मागून. माझं आंग हाय, माझ्या आदी दुसऱ्याला कामून कळावं?"

मी हो म्हटलं. त्या वेळी ते म्हातारीचं मन राखण्यासाठी होतं. चहा आला, तेव्हा ती पुन्हा तुरी निवडत होती.

घरी येऊन फोटो उघडले. वयस्क चेहऱ्याचं माझं गणित ठरलेलं आहे. कपाळ थोडं पिवळसर, कारण तिथं कातडी पातळ आणि खाली हाड. गाल, नाकाचं टोक, कानाच्या पाळ्या तांबूस. ओठांभोवती आणि हनुवटीला किंचित करडी झाक. हे तीन पट्टे एकमेकांत हळूच मिसळले की चेहऱ्यात रक्त असल्यासारखं वाटतं. एकच रंग सगळीकडे लावला की मेणाचा पुतळा होतो. अव्वाच्या चेहऱ्यात मला हे पट्टे सापडेनात. सगळा चेहरा पिवळ्याकडे झुकलेला.

हात आपोआप पिवळा कमी करायला गेला. ही अल्बमची सवय. आमच्या भागात मांडवाचं कापड पिवळं नाहीतर गुलाबी, त्यात हळद, झेंडू, दिवे. पंधरा वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यांवरून मांडव उतरवत आले. पिवळा दिसला की तो बाहेरचा, काढून टाकायचा, हे बोटांना पाठ झालं आहे. पिवळा कमी केला, अव्वा छान सावळी-तांबूस दिसू लागली, आणि शेजारचा कागद निळा पडला.

पुन्हा केलं. कागद पांढरा ठेवला की अव्वा पिवळी. अव्वा नीट केली की कागद निळा. लिंबाच्या सावलीतला फोटो घेतला, दारातला घेतला, ओट्यावरचा घेतला. तिन्हींत तेच. मग डोळे मोठे करून बघितले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नव्हताच.

मोठ्या मुलानं नमुन्याला एक जुना फोटो दिला होता, उन्हाळ्यातल्या बारशाचा. त्यात सगळे मांडवाखाली पिवळेधमक. अव्वाच्या शेजारी कुणी तरी पांढरं धोतर नेसून बसलेलं. धोतर पांढरं होईपर्यंत रंग जुळवला, तशी अव्वा तांबूस सावळी झाली आणि तिचे डोळे स्वच्छ पांढरे. म्हणजे उन्हाळ्यातला पिवळा मांडवाचा होता. डिसेंबरातला तिचा स्वतःचा.

मला रोगातलं काही कळत नाही. पण कावीळ हा शब्द माहीत नसलेला माणूस आमच्याकडे नाही.

मग मी नेहमीप्रमाणे मुद्दे लिहून काढले. बसलेलं चित्र. दोन ओळी. शेजारचा खिळा. डॉक्टरनं मुलाला एकट्याला आत घेतलं. कुणाला कळू द्यायचं नाही, आईला तर मुळीच नाही. पाचही एकाच दिशेला बोट दाखवत होते: पोरांना सगळं ठाऊक आहे, आणि ती आईपासून लपवत आहेत. मला राग आला. पण ते त्यांच्या घरातलं प्रकरण, आपण चित्रकार, असं म्हणून मी वही मिटली. अव्वाला दिलेला शब्द आठवत होता. तिला फोन करायचा तर सुनेच्या मोबाइलवर करावा लागणार आणि सून शेजारी उभी राहणार, हे कारण मला पुरेसं वाटलं.

आठ दिवस मी चित्र करत राहिले. साडी झाली, हात झाले. हाताच्या शिरा निळसर घ्यायच्या नाहीत, करड्या-हिरव्या घ्यायच्या, म्हणजे त्या कातडीखाली राहतात. उभा गुडघा, त्यावर कोपर, सुपावर झुकलेली मान, सगळं जमलं. चेहरा तेवढा ठेवला. कच्चं चित्र बघायला मोठ्या मुलाला बोलावलं.

तो आला, चित्र बघितलं. "मांडी घालून बसलेली सांगितली हुती की अक्का."

"त्या तशा बसल्या नाहीत. म्हणाल्या, मेलेल्याला तसं बसवतात."

तो कपाळाला हात लावून हसला. "अव्वाचं डोस्कं! अवो, इथं नवं घर बांधलंय मी. माघात वास्तू हाय. दाराशी तिचं चित्र लावायचं, खाली घराचं नाव आन् तिचं नाव. दोन ओळी. पूजेला बसलेली अव्वा दाराशी असली की घरात शिरणारा माणूस नमस्कार करूनच शिरंल. ती आली की बघून चाट पडली पायजे, म्हणून कुणाला सांगितलं न्हाई."

माझ्या पाचातले चार मुद्दे तिथंच गळाले; खिळा हा सुनेचा नुसता अंदाज होता. तरी मी विचारलं, कारण संशय एकदम सुटत नाही. "आणि अण्णा, कलबुर्गीचा रिपोर्ट काय आला?"

"कशाचा रिपोर्ट?"

"डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला आत बोलावलं होतं म्हणे."

"मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. अजून पिकला न्हाई, उन्हाळ्यात ऑपरेशन करू म्हणले. तिच्या देखत बोलले असते तर तिनं तिथंच न्हाई म्हणून टाकलं असतं, म्हणून बाहेर बसवली. का वो?"

मी स्क्रीनवर कागदाचा फोटो उघडला आणि त्याला दाखवलं. पिवळा कमी केला, कागद निळा. कागद पांढरा, अव्वा पिवळी.

तो खुर्चीवरून पुढं झुकला. आता संशय त्याच्या डोळ्यांत होता. "तुमचा कॉम्प्युटर बिघडला आसंल."

"तुम्ही बसा तिथं." खिडकीशी बसवून त्याच्या गालाशी कागद धरला, फोटो घेतला, स्क्रीनवर टाकला. कागद पांढरा, त्याचे डोळे पांढरे, चेहरा तांबूस. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

मग त्यानं कमठाण्याला फोन लावला. सुनेचा आवाज मला ऐकू येत होता.

"अव्वाचे डोळे बघ गं. पिवळे हायेत का?"

"हायेत की भाऊजी. मोतीबिंदू पिकायलाय, म्हणून पिवळे पडलेत. तुमीच सांगितलाव न्हवं, पिकल्यावर ऑपरेशन?"

"आन् खाज?"

"ती तुरीची."

"आन् जेवण?"

"थंडीची म्हणलं मी." मग ती थांबली. "कामून? काय झालं?"

घरातल्या प्रत्येकाकडे प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं, आणि प्रत्येक कारण बरोबर वाटण्यासारखं होतं. तुरी खरोखर खाजवतात. थंडी खरोखर पडली होती. आणि पिकतो तो मोतीबिंदू पिवळा होत असेल, असं माझ्याही मनात सहज आलं असतं. फक्त मला ते सगळं एका ठिकाणी दिसलं होतं, आठ दिवस आधी. ती लपवत आहेत असं समजून मी गप्प बसले, आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मी तसं त्याला सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुमाला आमी तसले वाटलो व्हय, अक्का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अव्वाला कलबुर्गीला घेऊन गेले. संध्याकाळी त्याचा फोन आला. कावीळच आहे. पोटाची सोनोग्राफी झाली, पित्ताच्या नळीत काही तरी अडकलं आहे. खडा असेल तर काढता येतो, म्हणाले. खडा नसेल तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणखी एक तपासणी लिहून दिली आहे.

"अव्वाला काय सांगितलं?"

"डोळ्यांसाठी आलोय म्हणून सांगितलंय. तपासणी होईस्तोवर तुमी बी काय बोलू नका. आधीच ती संशयी, उगं हाय खायची."

मी बरं म्हटलं. म्हणजे आठ दिवस जे नव्हतं, ते आता खरंच सुरू झालं होतं. पोरं आईपासून लपवत होती, आणि मी त्यांना सामील होते.

चार दिवसांनी सुनेच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे अव्वा. मागं चुलीचा, भांड्यांचा आवाज नव्हता. फोन घेऊन ती बहुतेक परसात गेली होती.

"बाई, झालं का चित्र?"

"होत आलंय अव्वा. गुडघ्यावर कोपर टेकलेलंच घेतलंय, तुरी निवडताना."

"धोतर न्हाई न्हवं मागं?"

"नाही. लिंबाचं झाड आहे."

"हं. आन् तोंड?"

"ते राहिलंय अजून."

"एवढे दिस? साडीला लागले न्हाईत तेवढे?" मग तिनं मुद्द्याला हात घातला. "डोळ्याचा डाक्टर पोटाला लोणी लावून मशीन फिरवतोय व्हय गं? मी काय आजची हाय?"

मी काही तरी बोलायला हवं होतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि मी त्याच्या आवाजाच्या आड राहिले.

"ह्यांना इचारलं की ही समदी हसून बोलत्यात. तू तर हसत बी न्हाईस," अव्वा म्हणाली. "बरं. सून यायलीय." फोन बंद झाला.

त्या दिवसापासून चेहऱ्याचा लेअर, स्क्रीनवरचा वेगळा थर, मी तीन वेळा उघडला. बारशाच्या फोटोतला रंग घेऊन गाल भरता येतील, तासाभराचं काम आहे. मोठ्या मुलाला तेच हवं आहे, दाराशी लागायचं आहे म्हणून. आताचा रंगही मी वेगळा काढून ठेवला आहे. पण पेन टेकवलं की वाटतं, ज्या बाईचा चेहरा आहे तिला अजून तो कसा आहे हे कुणी सांगितलेलं नाही, आणि आपण इथं परस्पर ठरवायला बसलोय. दुसऱ्या तपासणीची तारीख शुक्रवारची आहे.

आजची यादी अशी. साडी: झाली. हात: झाले. सूप, तुरी: झाल्या. लिंबाच्या पानांची सावली: झाली. बुधवारी सकाळच्या बसनं कमठाणा. सुनेला आधी कळवायचं नाही, मोठ्या मुलाला परतल्यावर सांगायचं. अव्वाशी परसात बोलणे: बाकी. त्यानंतर चेहरा: बाकी.